बडी कंपनीचा कोट

ता. ६ फेब्रुवारी

सौ. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण हातांना असा वास येतो की त्या हातांनी कागद धरवत नाही. जुन्या स्टेशनामागच्या इंजिनशेडचं संग्रहालय करताहेत, तिथे मी साफसफाईला लागलेय. आधी कबुतरांची घाण खरवडली. मग भिंतींवरची काजळी सोड्याने घासली. शिंकले तरी काळं यायचं. भिंती उजळल्या, आणि काल साहेबांनी रंगारी आणून त्यांवर काळा रंग फासून घेतला. म्हणे, जुनं वाटलं पाहिजे. बोलले काही नाही, मी कुठे बोलते. शाळेत हजेरीलाही माझा आवाज फुटायचा नाही.

खरं सांगायचंय ते वेगळंच. उद्घाटनाला आजोबांना दारात बसवणार आहेत, छोटी लाइनचा शेवटचा सांधेवाला म्हणून. आपल्या भागातली पहिली रेल्वे कंपनी ती, आणि तिचे रूळ बदलणारे आजोबा. हरखलेत नुसते, रोज दाढी करताहेत. पण साहेबांनी शिवून आणलेला कोट निळा आहे गं. छोटीचा खाकी असायचा. निळा बडी कंपनीचा. तिनेच छोटी गिळली आणि सगळ्या सांधेवाल्यांना एका फटक्यात घरी बसवलं. बडीच्या गाडीचा नुसता आवाज आला तरी आजोबा अजून थुंकतात. मोतीबिंदूमुळे त्यांना रंग कळत नाही. कोटावर हात फिरवून म्हणाले, आपलाच ना गं हा? मी गप्प राहिले, ते त्यांनी हो धरलं.

साहेबांना कसंबसं सांगितलं, तर म्हणाले, निळा फोटोत उठून दिसतो. काय करू ते कळव.

लोभ ठेव, मात्र हा कागद हुंगू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हुंगला. तुझ्या भाऊजींनी तो खिडकीबाहेर धरून वाचला.

कोटाचं म्हणशील तर गप्प बस, ते तुला छान जमतं. आजोबांना जन्मात पहिल्यांदा कुणी मानाने खुर्ची देतंय. त्यांना दिसत नाही, येणाऱ्यांना कळत नाही, मग तुझंच काय पोटात दुखतंय? एक दिवस अंगावर निळं आलं म्हणून कुणी मरत नाही. म्हाताऱ्या माणसाचा आनंद नासवू नकोस.

माया आहेच, तू थोडी अक्कल वापर.

तुझी,
ताई

ता. २ मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. रागाव हवं तर. घरात सगळ्यांना ठाऊक आणि ज्याच्या अंगावर कोट त्यालाच नाही, याची मला त्या कबुतरांच्या घाणीपेक्षा जास्त किळस आली. उद्घाटनाच्या सकाळी त्यांची बटणं लावता लावता सांगून टाकलं. बाही नीट करणारे आजोबांचे हात थांबले. आईने मला डोळ्यांनीच फाडून खाल्लं. वाटलं, आता कोट भिरकावतात आणि घरीच बसतात. त्यांनी कोटाची कड बोटांत चाचपली. मग विचारलं, अस्तर कसलंय? मी म्हटलं, पिवळट मांजरपाटाचं. म्हणाले, मग उलट तो.

ताई, आजोबा शेडच्या दारात उलटा कोट घालून ताठ बसले. शिवणी बाहेर, दोरे लोंबताहेत, खिसे बकरीच्या कानांसारखे लटकलेले. लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट आहे. एक बाई तर नाकाला रुमाल लावून गेली, म्हाताऱ्याला काय वास येत होता देव जाणे. साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि दातओठ खात म्हणाले, मोठे पाहुणे यायच्या आत त्या म्हाताऱ्याचा कोट सरळ कर.

मी म्हटलं, नाही. ते इतकं मोठ्याने निघालं की अख्ख्या शेडमध्ये घुमलं. मीच दचकले. साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.

आजोबांनी खुर्चीतूनच विचारलं, कोण ओरडलं? कुणीतरी सांगितलं, तुमची नात. ते म्हणाले, छे हो, ती बोलत नाही.

राग ओसरला की दोन ओळी टाक, तोवर माझ्या वाटणीची माया राखून ठेव.

तुझी,
धाकटी