करडगी आणि काळा चेंडू

२१ जुलै, सोमवार. प्रातःकाळ.

श्रावणी सोमवारच्या माझ्या प्रवचनांसाठी मठाच्या समितीने यंदा 'द्यूत' हा विषय निश्चित केला. अध्यक्ष श्रीमंत म्हणाले, "गुरुजी, आजच्या काळातली उदाहरणं द्या की. पोरं झोपतात." पोरे झोपत नाहीत, झोपतात ते श्रीमंत. तथापि सूचना ग्राह्य आहे. होटगी रस्त्यावर एक पूल क्लब उघडला आहे. आधुनिक द्यूताचे निरीक्षण करण्यासाठी तेथे जाईन. एकदाच.

२२ जुलै.

निरीक्षण झाले. हिरव्या कापडाचे टेबल, सहा भोके, रंगीत चेंडू, लांब काठ्या. आत शिरताच एका तरुणाने वाकून माझ्या पायांना हात लावला. नाव महिपती, गाव दुधनी, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे. असा विनय हल्ली मठातही आढळत नाही. मात्र खेळ दयनीय. सोपा चेंडूही त्याला भोकात घालता येईना.

म्हणाला, "गुरुजी, एक डाव खेळा की. तुमचा हात लागला तर टेबल पवित्र व्हईल."

पणाला केवळ चहा होता. मी जिंकलो.

कारण उघड आहे. नेम धरताना काठीला डाव्या हाताचा आधार द्यावा लागतो. त्याच डाव्या तळहातावर गळ्यातले इष्टलिंग ठेवून मी दीक्षेच्या दिवसापासून दृष्टी स्थिर करत आलो. ज्याची नजर लिंगावरून ढळत नाही त्याची चेंडूवरून का ढळावी? ही साधना पाश्चात्त्यांच्या कोणत्या खेळाडूपाशी असणार!

२४ जुलै.

पुन्हा जिंकलो. एकाच भेटीवरून निष्कर्ष काढणे शास्त्रसंमत नव्हे, म्हणून जावे लागले. महिपतीच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाला, "लई मोठी साधना हाय तुमची."

घरी पत्नी गौरम्माने माझ्या बोटांवरची, काठीच्या टोकाला लावतात ती, निळी पूड पाहिली. पाठशाळेतला खडू, असे मी सांगितले. पाठशाळा बंद होऊन किती वर्षे झाली, असे तिने विचारले. स्त्रियांना नको ते स्मरणात राहते.

२८ जुलै, श्रावण शुद्ध चतुर्थी. पहिले प्रवचन.

द्यूताचा असा धिक्कार केला की श्रीमंतदेखील जागे राहिले. महिपती पहिल्या रांगेत हात जोडून बसला होता.

सायंकाळी त्याच्या आग्रहास्तव दोन डाव. पणाला मी माझी सत्काराची एक शाल लावली. हरलो. प्रवचनाने घसा बसला होता, त्याचा परिणाम.

३१ जुलै.

शाली संपल्या. आयुष्यभराच्या सत्कारांचे कपाट रिकामे झाले हे उत्तमच. कसरीने खाण्यापेक्षा बरे. पराभवाची कारणे अभ्यासली. टेबल पूर्वेकडे कललेले आहे. एसीचा वारा थेट मानेवर येतो. चष्मा दुहेरी भिंगाचा असल्याने एकाच चेंडूचे दोन दिसतात आणि मी सज्जनपणे दूरच्यावर नेम धरतो.

संकल्प: यापुढे क्लबमध्ये पाऊल टाकणार नाही.

४ ऑगस्ट. दुसरे प्रवचन.

प्रतिपादन केले की शहाणा मनुष्य पहिल्या पराभवानंतर पटावरून उठतो. पुराणातल्या राजाला उठता आले नाही म्हणून राज्य गेले. टाळ्या पडल्या.

तथापि हरलेल्या शालींत गौरम्माच्या माहेरची एक होती. ती परत आणणे हे पतीचे कर्तव्य ठरते. कर्तव्य म्हणजे खेळ नव्हे. निघतो.

५ ऑगस्ट. सकाळ.

शांतपणे लिहितो.

महिपती म्हणाला, एकच डाव, जिंकलात तर सगळ्या शाली परत. माझ्यापाशी पणाला काय होते? गळ्यात इष्टलिंग, आणि ते ज्यात असते ती चांदीची करडगी. वडिलांनी दीक्षेच्या दिवशी स्वहस्ते गळ्यात घातलेली; झाकणाच्या आत त्यांचे नाव कोरलेले. लिंग म्हणजे देव. करडगी म्हणजे देवाची डबी. मी डबी पणाला लावली, देव नव्हे. हा भेद ज्याला कळत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

लिंग काढून रुमालात बांधले. पहिल्यापासून मीच पुढे होतो. माझा केवळ काळा चेंडू उरला, तो घातला की डाव माझा; महिपतीचे सगळे चेंडू टेबलावर पसरलेले. माझा नेम केसभर चुकला. तेव्हा महिपतीने काठी या हातातून त्या हातात घेतली. तो डावखुरा आहे! इतके दिवस हा मनुष्य माझ्याशी उलट्या हाताने खेळत होता. नंतर त्याने पाठोपाठ सगळे चेंडू घातले, काळ्यासकट. मधे एकदा त्याने जांभईदेखील दिली.

करडगी उचलून तो पुन्हा माझ्या पाया पडला. आणि माझ्या तोंडून सवयीने आशीर्वाद निघाला, "विजयी भव."

५ ऑगस्ट. दुपार.

गौरम्माने गळ्यातला रुमाल पाहिला. मी सांगितले की चांदीचा मोह त्यागला. देवाला धातूच्या घराची गरज नसते. तिने रुमालाची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "चांगलं केलंत."

उत्तर समाधानकारक. विषय संपला.

९ ऑगस्ट.

विषय संपलेला नाही. गौरम्माने माझे वैराग्य शेजारच्या राजेश्वरीला सांगितले आणि राजेश्वरीने महिला मंडळाला. आज तीन वृद्धांनी करडग्या काढून कापडात लिंग बांधल्याचे कळले. श्रीमंत घरी आले, गहिवरले, चहा दोनदा प्याले. समारोपाच्या सोमवारी मी त्यागावर बोलावे आणि माझा सत्कार व्हावा असे ठरले. शाल देऊन.

११ ऑगस्ट.

प्रवचनानंतर महिपतीला मठाच्या जिन्यात गाठले. अधर्म, कपट, नरक, सर्व सांगितले. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी मी वडिलांचे नाव काढले. आवाज किंचित कापला असावा. जिन्यात ओल फार आहे.

"गुरुजी, डाव म्हंजे डाव. पर तुमचं मन मोडायचं न्हाय मला," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी देतो की. सगळ्यांम्होरं देतो."

विद्येच्या तेजापुढे दुर्जनही वितळतो. मला प्रथमपासून खात्री होती.

१८ ऑगस्ट, श्रावणातला शेवटचा सोमवार.

त्यागावर तासभर बोललो. चांदी म्हणजे बेडी, असे म्हणालो. सभा तुडुंब. सत्कार झाला. तेवढ्यात महिपती उठला आणि व्यासपीठावर आला. ओंजळीत करडगी. लखलखीत. माइकवरून म्हणाला, "गुरुजी, गरिबाची भेट. घ्या. न्हाय म्हणू नका."

हात पुढे गेला होता. माझा हात पुढे गेला होता हे मी येथे नमूद करतो. परंतु सगळी सभा त्या हाताकडे पाहत होती. ज्यांनी करडग्या काढल्या ते तिघे समोरच बसले होते. श्रीमंत जागे होते. महिपती हसत नव्हता. त्याचे फक्त डोळे हसत होते. मला ती घेता येणार नाही हे तो जिन्यातच जाणून होता.

मी म्हणालो, "मला आता हिचे काय? तूच धारण कर."

आणि वडिलांनी माझ्या गळ्यात घातलेली करडगी मी स्वहस्ते त्याच्या गळ्यात घातली. टाळ्या थांबेनात. त्याने वाकून पायांना हात लावला आणि हळूच म्हणाला, "शनिवारी टेबल मोकळं हाय, गुरुजी."

जाणार नाही. शनिवारी मला काही काम आहे असेही नाही, पण जाणार नाही.

सभेहून दोघे घरी आलो. गौरम्माने जेवायला वाढले. भाकरी मोडताना मी म्हणालो की आज सभा फार रंगली. तिने ताटात आमटी घातली.

म्हणाली, "लग्न झाल्यापास्नं दर सोमवारी मी ती करडगी चिंचेनं घासत आले. त्या पोराला सांगितलंत न्हवं? न्हायतर काळी पडंल."