सहा सीटांचं विमान

प्रिय आई,

फोनवर मला काही सुचत नाही. तू ‘जेवलीस का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणते, मग दोघी नुसत्या एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. म्हणून लिहितेय. शाळा सोडल्यापासून एवढं सलग काही लिहिलेलं नाही, चुका पोटात घाल.

सध्या मी मामाबरोबर विमानात काम करते. हसू नकोस. उडणाऱ्या नाही, उभ्या. मामाच्या दुकानात गाड्यांच्या सीटा शिवायचो ना, तसंच. विमानतळाच्या टोकाला पत्र्याची मोठी शेड आहे, तिथे एक छोटं जेट आलंय, सहा सीटांचं, वापरलेलं. एक साहेब धंद्यासाठी फिरायला ते विकत घेतायत. मला वाटलं वापरलेलं म्हणजे मोडकं असणार. तसं नसतं म्हणे. घेण्याआधी सगळं उघडून बघतात, फरशी, छत, इंजिन, अगदी आतल्या वायरीसुद्धा. साहेबांचा इंजिनियर टॉर्च घेऊन आडवा होतो आणि ‘हं, हं’ करतो. त्याच्या प्रत्येक ‘हं’ला विकणाऱ्यांचा माणूस घाम पुसतो. साहेब मात्र एकेका सीटवर डोळे मिटून बसून बघतात. एका सीटवर चक्क घोरले. मामा हळूच म्हणाला, “ही झाली पास!”

मला एकच कळेना. विमान चांगलं आहे म्हणून घेतायत, तर आतलं सगळं विकणाऱ्यांकडून बदलून घ्यायचं कशाला? जुनं चामडं धड होतं, कुठे उसवलेलंही नव्हतं. पण साहेबांच्या बायकोने, मॅडमनी, कपाटं उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, “आधीच्या लोकांचं काही म्हणजे काही राहायला नको.” घडीच्या टेबलाखाली कुणा लहान पोराने चांदण्या चिकटवल्या होत्या. त्या मी नखाने खरवडत बसले. अर्ध्या निघाल्या, अर्ध्यांचा डिंक तसाच राहिला. मामा ओरडला, “घुमे, टेबल पुसतेस का कुरवाळतेस?” मला काय झालं कोण जाणे, रडूच आलं. मॅडम वाईट नाहीयेत गं. त्यांनी मला स्वतःच्या डब्यातलं सफरचंद कापून दिलं. मग वाटलं, एखादी जागा आपली वाटायला तसं करावंच लागत असेल का? तू लग्न करून काकांच्या घरात गेलीस तेव्हा तुलाही कुणी म्हणालं होतं का, आधीचं काही नको म्हणून? रागावून नाही विचारत. मला खरंच कळत नाही. थोडे दिवस मामाकडे राहा म्हणालीस, तेव्हा थोडे म्हणजे किती हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, तेही कळत नाही.

आता मुद्द्याचं. रविवारी विमान साहेबांच्या ताब्यात द्यायचंय, आणि ते तुझ्याच शहरात. तिथे उतरल्यावर साहेब शेवटचं बघून सही करणार, तोवर ते त्यांचं नाही. नव्या सीटा मागेपुढे सरकताना अजून जरा अडतात, म्हणून आमच्यातल्या एकाने बरोबर जायचं ठरलं. मामा म्हणाला, “तू जा. माझं पोट त्या दारातून जात नाही.” रोज त्याच दारातून सारखा आत-बाहेर करतो गं तो! एवढं बोलला आणि दुसरीकडे बघत सुई ओवत बसला. दुपारपासून संध्याकाळच्या बसपर्यंत मी तिथे मोकळीच आहे. विमानतळाच्या मागच्या गेटपाशी थांबेन. तुझ्या घरी येऊ का, असं विचारत नाहीये. तू गेटवर येशील का? काकांना घेऊन आलीस तरी चालेल. आणि नाहीच जमणार असलं तर आधी कळवू नकोस, नुसती येऊ नकोस. म्हणजे निदान वर असेपर्यंत तरी तू येणार असंच मला वाटत राहील.

तुझीच,
घुमी