तिम्मण्णाच्या बागेतून तार

हुलीमने, ता. सिद्दापूर
३ डिसेंबर

चि. सिंचना हिला अज्जीचे पोटभर आशीर्वाद.

नवं घर झालं बघ. ओसरीचं लाल सिमेंट इतकं गुळगुळीत की काल मांजर घसरलं आणि माझ्यावरच रागावलं. तुझ्या वाटचे उसाच्या रसाचे तोडदेवू डब्यात आहेत, अजून कुरकुरीत.

फक्त फोन नाही. डोंगराच्या कुशीत बांधलं, त्यामुळे मोबाईल नुसता हातात धरायचा. इंटरनेटवाला येऊन गेला. शेजारच्या तिम्मण्णा हेगडेच्या बागेतून सुपारीच्या झाडांवरून तार लगेच येईल म्हणाला. रस्त्याने आणायची तर खांब हवेत, ते पुढच्या वर्षी. आणि तिम्मण्णा म्हणतो, या बागेतून तुमच्याकडे वारासुद्धा जाऊ देणार नाही. आपल्या घराचा पाया खणताना माती त्याच्या पाटात गेली होती ना, तो राग. माती मी उभी राहून काढून घेतली, तरी नाक वरच.

तार येणार. कशी ते बघते. जेवत जा.

तुझी अज्जी


बेंगळुरू
१० डिसेंबर

ती. अज्जीस सिंचनाचा साष्टांग नमस्कार.

ऑफिसने मला तिथून काम करायला हो म्हटलंय. पण घरी इंटरनेट लागल्याचं संक्रांतीच्या आत कळवायचं, नाहीतर इथली खोली आणखी वर्षभर घ्यावी लागेल. तू त्या घरात एकटी, हा विचार मला सोडत नाही.

तरी तिम्मण्णाकाकांशी भांडू नकोस. मागच्या वेळी तू त्यांच्या मुंजीतल्या रडण्यापर्यंत गेली होतीस.

माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी सिंचना


हुलीमने
२ जानेवारी

चि. सिंचना हिला अज्जीचे अनेक आशीर्वाद.

भांडले नाही, देवाशप्पथ. तिम्मण्णाकडे बायका सुपारी सोलायला बसल्याचं कळलं, तशी माझी विळी घेऊन गेले आणि बायकांच्या रांगेत बसले. माझ्याशी बोलायचं नाही, म्हणून त्याने बायकोला विचारलं, म्हातारीला काय हवंय. मीही पद्मक्कालाच सांगितलं, काही नको, हात शिवशिवतात. दिवसभर सोललं. तारेचं नावही काढलं नाही. दुपारी ताक मात्र दोनदा मागून घेतलं.

शेजाऱ्याच्या हातांची मुय्यी घेतली की कामाच्या दिवसाला दिवस फेडायचा, हे तुला काय सांगायचं. फेडली नाही तर सुगीत त्याच्याकडे कोण येणार? चार दिवसांनी पद्मक्काने निरोप धाडला, तुमच्याकडे काय काम काढताय. मी म्हटलं, सुपारी तर माझी सोलून झाली, तार तेवढी ओढायची आहे.

 मग काल सकाळी तिम्मण्णा, पद्मक्का आणि त्यांचा सुपारी उतरवणारा बीरा दारात. तिम्मण्णा तुळशीकडे बघत म्हणाला, मी मुय्यी फेडतोय, तारबीर मला माहीत नाही. बीरा या झाडावरून त्या झाडावर, खाली न उतरता, तार घेऊन आला. खालून तिम्मण्णाच ओरडत होता, ढिली सोड, वाऱ्यात तुटेल.

संध्याकाळी इंटरनेटवाल्याने ती डबीला जोडली आणि दिवा हिरवा लागला. फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच हसली असतीस.

आता ऐक. मी एकटी गेले होते, ती तिघं आली. दोन दिवस आपल्यावर चढले. ते फेडायला मी विळी घेऊन निघणार, तर तिम्मण्णा सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही नको, सिंचनाला पाठवा. मी हो म्हणून बसले आहे. तेव्हा ऑफिसला कळव, खोली सोड आणि ये.

तुझी वाट बघणारी,
अज्जी