रेडिओचं बटण

आई, आज कुकरचं हँडल गॅसच्या आचेवर राहिलं आणि तो वास आला, फिनेलसारखा, घशात बसणारा. तू असतीस तर लगेच ओळखला असतास. गॅस बंद करून मी तिथेच खाली बसले, आणि आता हे लिहितेय. पाठवायचं कुठे, ते माहीत नाही.

छप्पन साली नागपूर-अकोला मुंबई राज्यात गेलं आणि आपलं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं, ती वर्षं. तुझं माहेर अकोल्याचं. बाबा मिलमध्ये वायरमन. त्यांनी जुना रेडिओ आणला, आणि संध्याकाळी नागपूरची मराठी गाणी लागली की भाकरी थापता थापता तुझा हात थांबायचा. त्या रेडिओचं तपकिरी बटण माझ्या हातून पडून दुभंगलं. चौकातली बांगडीवाली लाखेची तुटकी बांगडी निखाऱ्यावर धरून सांधायची, ते मी पाहिलेलं. मला वाटलं, हेही तसंच. चिमट्यात धरून दोन्ही तुकडे शेगडीवर नेले. वितळायचं नावच नाही! काळे पडले, तडकले, आणि घरभर तो वास. तेवढ्यात बाबा पाळीवरून आले. "बेकलाइट कोणी जाळलं?" मी दाराआड. तू म्हणालीस, "मी."

"हे काय लाख आहे का? एक बार साच्यात दाबून पक्कं झालं की पुन्हा पिघळत नाही. म्हणून तर मिलचे स्विच, होल्डर सगळे याचेच. करंट रोकते, गरमी सहते. तुले काय समजते त्यातलं? आजपासून रेडिओले हात लावू नको." शेजारीण दारात उभी होती, तिच्यासमोर बाबा तुला हे बोलले. आणि तू खरंच हात लावला नाहीस. बाबा बटणाच्या जागी उरलेल्या उघड्या दांडीला पक्कड लावून हिंदी बातम्या ऐकायचे. ते कामावर गेले की रेडिओ गप्प. "आई, लावू का?" मी विचारायचे. "राहू दे वं," म्हणायचीस आणि पीठ मळत राहायचीस. मला तुझा राग यायचा, इतकी कशी गं हट्टी! माझाच मला राग होता, हे तेव्हा कुठे कळत होतं.

तू गेल्यावर बाबांनी कुठूनतरी तसंच बटण शोधून आणलं. रोज संध्याकाळी नागपूर लावून बसायचे, तुझ्या फोटोकडे पाठ करून. एकदा म्हणाले, "एवढंसं बटण जळलं तिच्या हातून, अन् मी तिचं गाणं बंद केलं." मी पोळ्या लाटत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी विचारलं, "चहा ठेवू का, बाबा?"