बाभळीचा काटा आणि माझा कान

प्रिय सुमन,

तुला जाऊन वर्ष होत आलं, पण आज लिहायला बसलोय ते जबड्यासाठी. उद्या कॉलेजचे सर तो न्यायला येणार. तुझ्या माहेरी तेरणा नदीच्या दरडीत तुलाच दिसला होता. कुठल्या जुन्या काळातलं जनावर, दगड झालेलं. त्यातली शेवटची दाढ मात्र साफ करायची राहिली, अजून मातीनं माखलेली. अर्धं काम टाकून कुणी जातं का गं?

हातगाडीवर खिळे विकत विकत उमरग्यात मी हार्डवेअरचं दुकान उभं केलं. छिन्नी, पोलादी सुई, तारेचा ब्रश, म्हणशील ते घरात! आणि तू काय उचललंस? बांधावरच्या बाभळीचा काटा. वर माझा दाढीचा ब्रश! विचारलंस तरी कधी?

"तुम्ही दुकान बघा. हाडाला लोखंड लावायचं न्हाय," म्हणायचीस.

पहिला सापडलेला दात आठवतो? हौसेनं नळाखाली धरला. माती गेली आणि तिच्यासोबत दातही भुगा होऊन गेला! तेव्हापासून पाणी बंद. तू कोरडं खरवडायचीस, मी शेजारी डोळे मिटून ऐकायचो. मातीचा आवाज मऊ, खर्र खर्र. हाड जवळ आलं की बारीक टिक. मी म्हणायचो, "थांब." तू थांबायचीस. सगळ्या संसारात माझं तेवढंच ऐकलंस!

"दाढ सरांनाच साफ करू द्या की, बाबा," काल आपली उषा म्हणाली. "मोडली तर?"

"मोडत न्हाय. कान शाबूत आहेत माझे."

आज सकाळी तुझं न ऐकता दुकानातली सगळ्यात बारीक सुई मातीला टेकवली. सुमन, लोखंड स्वतःच वाजत राहतं गं! आतलं काही ऐकूच येईना. सुई ठेवली, बांधावरून काटा आणला, उषाच्या हातात दिला आणि डोळे मिटले.

खर्र, खर्र. टिक.

"थांब."

"बाबा, अजून माती दिसतीय."

"थांब म्हणतो ना!"

तिनं तोच दाढीचा ब्रश फिरवला. उरलेली धूळ उडाली आणि काळीभोर दाढ चमकली. एक ओरखडा नाही!

"आई पण अशीच वाद घालायची?" उषानं हसत विचारलं.

"तू काहीच न्हाय. ती लई घालायची."

जबडा उद्या जाईल. तेरणेच्या दरडीला मात्र आम्ही दोघं जात राहू, खिशात काटे घेऊन. आणि दाढीचा ब्रश पुन्हा मागणार नाही, हा शब्द. तो तुझाच.

तुला "थांब" म्हणणारा,
भगवान