चाळीचा फळा आणि तिसरा प्रश्न

४ फेब्रु., सोम.
लालबागच्या आमच्या चाळीचा बातमीफळा आजपासून माझ्याकडे. संयुक्त महाराष्ट्रासाठी कॉलेज सोडलं त्याचं सार्थक! (बाबा अजून आईमार्फतच बोलतात.) ठोकलं : "शिवडीत पोलिसांच्या दहा लॉऱ्या. सावध!"
संध्याकाळी खाली दुसरंच अक्षर : "कुणी पाहिलं?"
तिसऱ्या मजल्यावरची कुसुम. यापुढे कु. दुपारी बायकांचा साक्षरता वर्ग घेते. पुस्तक बाजूला ठेवून माझा फळा वाचून घेते म्हणे, वर प्रश्न विचारायला शिकवते!

५, मंगळ.
लॉऱ्या कापसाच्या निघाल्या. बातमी आणणारा माझा दोस्त पांड्या; त्याला पानवाल्यानं सांगितलं होतं. पानवाल्याला कुणी, देव जाणे.
फळा पुसला, पण कु.चं अक्षर पुसवेना. काय तो वळणदार 'ण'! आजच्या बातम्या वरच दाटीवाटीनं.

७, गुरु.
मेलो. पांड्या धापा टाकत आला, "अरे, कुसुमकडे दोन टोपीवाले! तिची आई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेरच्या खोलीत. मुलगी बघायचा कार्यक्रम!"
डोकं फिरलं. फळाभर लिहिलं : "तिसऱ्या मजल्यावरील कुसुमताईंचा विवाह ठरला. चळवळीच्या ऐन धामधुमीत काहींना पोहे सुचतात. अभिनंदन!"

८, शुक्र.
सकाळपासून चाळ तिच्या दारात पेढे मागतेय. टोपीवाले तिच्या अण्णांची जुनी बाजाची पेटी विकत घ्यायला आले होते!
अण्णा गरजले, "फळा काढून घ्या ह्याच्याकडून!"
कु. शांत. "आधी वर्गात बसू दे त्याला."
बसलो. बायकांच्या मधोमध, मांडी घालून. सावंतमावशींनी माझी बातमी अक्षर लावत लावत वाचली. मग माझ्याकडे वळल्या.
"कोणी सांगल्यान तुका?"
"पांड्यानं."
"तू बघलंस?"
"नाही." पोहेसुद्धा नाही.
"मगे तिचा लगीन झाला काय, नाय झाला काय, तुजा काय जाता?"
बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. कु. भिंतीकडे तोंड करून उभी. कान लाल.
"तिसऱ्याचं उत्तर लेखी दे," म्हणाली. "नाही तर फळा दुसऱ्याकडे."

१०, रवि.
काल नुसतंच लिहिलं, पुसलं. आज सकाळी डोळे मिटून : "प्रश्न तिसरा. उत्तर : सगळंच जातं. सांगणारा : मी स्वतः."
दुपारी खाली तेच अक्षर : "पुरावा?"
काय द्यायचा पुरावा? पांड्याला विचारायला निघालो, तर पाय अर्ध्या जिन्यात अडकले. पांड्या खाली, कु. वर; पुरावा द्यायचा तर वरच जायला हवं. इथंच पायरीवर बसून लिहितोय. वरून पेटीचे सूर. म्हणजे विकली नाही अजून. अण्णा घरात आहेत.