जुन्या किल्लारीतलं दुकान

नांदेड

प्रिय आदिनाथ,
ताईचे मायेचे आशीर्वाद.

मी बरी आहे. दीपमालाचे गुडघे कसे आहेत?

माझ्या सृष्टीने तुझ्या कापडदुकानाची वेबसाइट केली. नकाशावर जागा दाखवताना मी सवयीने जुन्या गावावर, भूकंपात बाबांसकट गेलेल्या आपल्या दुकानाच्या जागेवर बोट ठेवलं, आणि तिनं तोच पत्ता टाकला.

काल एका गिऱ्हाइकाचा अभिप्राय आला : "म्हातारे काका प्रेमळ. कापड दाखवण्याआधी विचारतात, ‘घरी सांगून आलीस का गं, बाय?’"

बाबा प्रत्येकीला हेच विचारायचे.

सृष्टी म्हणाली, "आई, तिथं तर नुसत्या बाभळी आहेत ना?" ती पत्ता बदलणार होती. मीच थांबवलं. बदलला तर तिथं कोण जाईल?

तू एकदा जाऊन ये, उजेडातच. दीपमालाला सांगून जा. बाबा विचारतील.

तुझी,
ताई